ज्वारी-बाजरीचा चिकटा : एका बुरशीची हकीकत



कामगारांची संघटना बांधणारा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की त्याने मजुरीचे दर, उचल, मुकादम आणि कारखाना यांवरच बोलावे अशी लोकांची अपेक्षा असते. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘बुरशी’ असे उत्तर दिले. ते हसले आणि म्हणाले, “संघटनेला लागलेली का?” तशीही एक बुरशी असते, पण आज मी खऱ्याच बुरशीविषयी बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि शेतकी खात्याच्या पत्रकांवर. तेव्हा जाणकारांनी माझे शब्द सांभाळून घ्यावेत. हकीकत मात्र मी विचारून, तपासून घेतलेली आहे.

माझ्यापुरती ही हकीकत सुरू झाली ती ऊसतोडणीच्या एका अड्ड्यावर. आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई या आपल्या भागांतली माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात, हे इथे कोणाला सांगावयास नको. निघताना ती घरची, नाही तर सुगीत मजुरीपोटी मिळालेली बाजरी पोत्यात भरून बरोबर नेतात. खुडणी आणि निघणे यांत फार दिवस जात नाहीत; म्हणजे जी बाजरी खळ्यावरून उठते तीच थेट कोपीत जाते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात एका वर्षी दराच्या तंट्यासाठी मी अशाच एका अड्ड्यावर गेलो होतो. दोन दिवसांत एकाच गावच्या चार-पाच कोप्यांतल्या माणसांना मळमळू लागले, उलट्या झाल्या, डोके गरगरू लागले. त्याहून विचित्र म्हणजे बायापोरे भर दिवसा पेंगू लागली. जी बाई पहाटे तीनला उठून उसाच्या फडात उतरते ती दुपारी मोळी बांधता बांधता बसल्या जागी झोपते, हे मी त्याआधी पाहिले नव्हते. डॉक्टर आले, त्यांनी पाण्याला दोष दिला आणि गोळ्या दिल्या. पण पाणी तर सारा अड्डा एकाच टाकीतून भरत होता.

त्या गावच्या एका म्हातारीने आपले पोते ओढून माझ्यापुढे आणले आणि सूपभर बाजरी पसरून दाखवली. दाण्यांत काळपट तपकिरी, दाण्याहून जरा लांबट, टोकदार कण होते. ती म्हणाली, “दादा, औंदा बाजरीला चिकटा लई व्हता. मालकानं चांगली बाजरी कणगीत भरली, आन् खळ्याच्या कडंची आमाला मापून दिली.” मी मूठभर कण रुमालात बांधून आणले आणि पुढे एका महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या गृहस्थांना दाखवले. त्यांनी ते बघताच नाव सांगितले : अरगट. अड्ड्यावरच्या दुखण्याची रीतसर तपासणी कोणी केली नाही, म्हणून ते दुखणे त्या कणांमुळेच झाले असे मी शपथेवर सांगणार नाही. पण त्या दिवसापासून मी या कणांच्या मागे लागलो तो आजवर.

हे कण कोठून आले, हे कळावयास मला आधी युरोपात जावे लागले, अर्थात पुस्तकातून. तेथे राय नावाचे धान्य गरिबाच्या भाकरीचे. थंड आणि ओल्या वर्षी रायच्या कणसातून कोंबड्याच्या पायाच्या नखीसारखे काळे-जांभळे शिंग बाहेर येई. फ्रेंच भाषेत त्या नखीला जो शब्द आहे त्यावरूनच अरगट हे नाव आले. ते धान्याबरोबर दळले जाई, आणि खाणाऱ्याच्या हातापायांत निखारे ठेवल्यासारखी आग होई, बोटे काळी पडून झडत, गर्भिणींचे गर्भ पडत. लोक त्याला संत अँथनीचा अग्नी म्हणत आणि देवाचा कोप समजत. १०९५ च्या सुमारास या रोग्यांच्या सेवेसाठी फ्रान्समध्ये साधूंचा एक संघच निघाला. १६७६ मध्ये दोदार नावाच्या वैद्याने हा अग्नी राय धान्यातल्या काळ्या शिंगांचा आहे असे पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. १७७७ मध्ये सोलोन्य प्रांतात साथ आली तेव्हा तेसिये या धर्मगुरूने ती शिंगे जनावरांना चारून गोष्ट सिद्ध केली. मध्ये शंभर वर्षे गेली. मी वाचताना थबकलो तो इथेच. ज्यांच्या ताटात ती शिंगे पडत होती त्यांच्याजवळ दुसरे धान्य नव्हते, आणि ज्यांच्याजवळ दुसरे धान्य होते त्यांना घाई नव्हती.

बरे, ते शिंग म्हणजे काय, हे तरीही ठरले नव्हते. कोणी म्हणे बिघडलेला दाणा, कोणी म्हणे किड्याची करणी. शिंग येण्याआधी कणसातून मधासारखा चिकट रस पाझरतो हे शेतकऱ्यांना ठाऊक होते. १८२७ मध्ये लेव्हेये नावाच्या फ्रेंच वैद्याने तो रस सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्यात असंख्य बारीक कण तरंगताना दिसले. ही एक स्वतंत्र बुरशी आहे अशी त्याची समजूत झाली आणि त्याने तिला ‘स्फॅसेलिया’ असे वेगळे नाव दिले. पुढे १८५३ मध्ये त्युलान याने दाखवून दिले, की आधीचा मध, नंतरचे शिंग, आणि ते शिंग जमिनीत पडून रुजल्यावर त्यावर उगवणाऱ्या टाचणीएवढ्या छत्र्या, ही तिन्ही एकाच बहुरूप्याची सोंगे आहेत. लेव्हेयेला सापडलेले सोंग होते अलैंगिक बीजुकांचे. माझा आजचा विषय मुख्यतः तेच सोंग आहे, कारण शेताचे नुकसान तेच करते.

बीजुक म्हणजे काय ते आता सांगितले पाहिजे. पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर हिरवट पूड येते ती सर्वांनी पाहिली आहे. फुंकर मारली तर ती उडते. ती पूड म्हणजे बुरशीची बीजुके. १७२९ मध्ये मिकेली नावाच्या इटालियन माणसाने अशी पूड खरबुजाच्या फोडींवर पेरली आणि जी पेरली तीच बुरशी उगवते हे दाखवले. बुरशी आपोआप, कुजण्यातून जन्मते असे तेव्हा शहाणे लोकही मानीत होते. मिकेलीवर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. आपल्याच बळावर शिकलेला माणूस होता तो, हे मला उगीचच लक्षात राहिले आहे.

बुरशीचे अंग म्हणजे सुतासारख्या तंतूंचे जाळे. हे तंतू भाकरीत किंवा रोपात शिरून अन्न शोषतात. पुरेसे खाऊन झाले, किंवा अन्न संपत आले, की काही तंतू हवेकडे उभे राहतात. त्यांच्या टोकाशी सुरईच्या आकाराची एक पेशी असते. तिच्यातल्या केंद्रकाचे दोन भाग होतात, एक भाग टोकाकडे सरकतो, टोक फुगते, मागे आडवी भिंत पडते आणि बीजुक तयार. ते सुटून जाते किंवा तेथेच राहते. त्याच्याखालून दुसरे येते, त्याच्याखालून तिसरे. भाकरीवरच्या हिरव्या बुरशीत अशा माळा दिसतात. माळेत सर्वांत पुढचा मणी सर्वांत जुना. नर नाही, मादी नाही, मुहूर्त नाही. जे बीजुक बाहेर पडते ते आईची हुबेहूब नक्कल असते. लैंगिक बीजुक करावयास बुरशीला वेळ लागतो, विशिष्ट ऋतू लागतो. हे काम मात्र तासा-दोन-तासांचे आहे, आणि ते रात्रंदिवस चालते. आमच्या भाषेत सांगावयाचे तर ही अंगावर घेतलेल्या कामाची पाळी आहे; जेवढे नग काढाल तेवढे.

हे वाईटच असते असे कोणी समजू नये. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तेथून पेनिसिलीन निघू लागले. तेथल्या कामाची सुरुवातही बुरशीच्या अशाच बीजुकांपासून व्हायची. आधी बाटल्यांत बीजुके वाढवायची, मग ती लहान टाकीत रुजवायची, आणि त्या रुजलेल्या तंतूंनी मोठ्या टाक्या भरायच्या. कित्येक कामगारांची हयात त्या बीजुकांच्या पाळीत गेली. त्या कारखान्याचे पुढे जे हाल झाले तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. असो.

आता कणसाकडे वळू. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या प्रत्येक फुलातून पिसासारखा केसाळ शेंडा बाहेर येतो. त्याला कुक्षी म्हणतात. त्यावर परागकण पडतो, रुजतो, आणि त्याची बारीक नळी आत उतरून दाणा धरवते. चिकट्याच्या बुरशीचे बीजुक नेमके हेच करते. ते त्याच कुक्षीवर पडते, ओल मिळताच पाणी शोषून फुगते, त्याच्या टोकातून एक कोवळी नळी निघते, आणि ती नळी परागाच्याच वाटेने खाली उतरून दाण्याच्या जागी पोचते. पुढे त्या जागी दाणा धरतच नाही. तेथे पांढरट, घड्या पडलेला बुरशीचा गोळा वाढतो, आणि आठवडाभराच्या आत त्यातून गोड चिकट थेंब पाझरू लागतात. रोपाने दाण्यासाठी पाठवलेली साखर बुरशी बाहेर सांडते. एकेका थेंबात लाखो बीजुके असतात. एक बीजुक इतके बारीक, की शंभर ओळीने ठेवली तर जेमतेम मिलिमीटरभर लांबी भरेल.

पराग आणि बीजुक यांची ही शर्यतच असते. पराग आधी पोचला तर फूल मिटते, कुक्षी काही तासांत सुकते, आणि मागून आलेल्या बीजुकाला वाट बंद. म्हणून ज्या पिकात पराग मुबलक आणि वेळेवर असतो तेथे चिकटा फार फैलावत नाही. आपली रब्बीची मालदांडी, जिची ३५-१ ही निवड मोहोळला झाली, ती आपलीच परागफळणी करून मोकळी होते. पण बाजरीची रीत निराळी. तिच्या एकाच कणसात कुक्षी आधी बाहेर येतात आणि पराग दोन-तीन दिवसांनी. तेवढे दिवस फूल उघडे पडलेले असते. त्याच दिवसांत भाद्रपदाचे ढग दाटून आले, बारीक पाऊस लागून राहिला, पराग भिजून गेला, तर शर्यत बीजुक जिंकते.

मग एक प्रश्न माझ्या मनात आला तो मी त्या प्राध्यापकांना विचारला. थेंबात लाखो बीजुके आहेत, ती ओली आहेत, खायला साखर आहे. मग ती तेथल्या तेथेच का रुजत नाहीत? त्यांनी मला उलट विचारले, “तुमच्या घरच्या मुरांब्याला बुरशी का येत नाही?” साखर दाट असली की ती पाणी धरून ठेवते आणि बीजुकाला ते ओढून घेता येत नाही. गुऱ्हाळावर काम केलेल्याला हे समजावयास नको. गुळाची ढेप कोरड्या दिवसांत महिनेच्या महिने टिकते. पावसाळ्यात तिला पाणी सुटले की तिच्यावर बुरशी चढते. चिकट्याच्या थेंबातही तसेच. बीजुके तेथे तहानलेली पडून असतात. पावसाचा थेंब पडून मध पातळ झाला, किंवा माशी-मुंगीच्या पायाला लागून बीजुक दुसऱ्या फुलावर गेले, की ते जागे होते. बुरशीने स्वतःच्याच पोरांना साखरेत मुरवून ठेवावे, आणि पावसाने बरणी उघडावी, असा हा प्रकार आहे.

आपल्याकडे या रोगाची लेखी नोंद उशिरा झाली. १९१७ मध्ये मद्रास इलाख्यात मॅक्रे यांनी ज्वारीवरच्या बुरशीला ‘स्फॅसेलिया सोर्घी’ असे नाव दिले. १९२६ मध्ये आपल्या मुंबई इलाख्यातील एस. एल. आजरेकर यांनी भारतीय वनस्पतीशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत ज्वारीच्या या रोगावर निबंध लिहिला. त्याच्या मथळ्यातच त्यांनी म्हटले आहे, की ही अरगटाच्या वंशातल्या बुरशीची अलैंगिक अवस्था होय. म्हणजे बहुरूप्याचे एकच सोंग त्यांच्यापुढे होते, आणि त्यावरून त्यांनी घराणे ओळखले. त्या बुरशीची लैंगिक अवस्था भारतात १९७६ मध्ये, कर्नाटकात कुलकर्णी, शेषाद्री आणि हेगडे यांनी वर्णन करीपर्यंत कागदावर आली नव्हती. पन्नास वर्षे शास्त्राला हा रोग फक्त मधातून ठाऊक होता, आणि रोगाचे काही अडले नाही. आजरेकरांचे नाव मराठी माणसांत फारसे कोणी घेत नाही. बुरशीच्या अभ्यासकांनी मात्र ते ठेवले आहे : १९६४ मध्ये एम. एन. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्याने बुरशीच्या एका नव्या वंशाला ‘आजरेकरेला’ असे नाव दिले. ती बुरशीही अलैंगिक बीजुकांवरूनच ओळखली जाते.

आजरेकर लिहीत होते तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. अहमदनगर जिल्हा शेजारी, पण तो इंग्रजांचा. मधल्या सीमेवर नाके होती. त्या नाक्यांवर चिकटा मात्र थांबत नव्हता. इकडे त्याला साखऱ्याही म्हणत, आणि ते नाव ठेवणारा कोणी विद्वान नव्हता. कणीस खुडताना ज्याची बोटे एकमेकांना चिकटली, आणि ज्याने ती चाखून पाहिली, अशा कोणाचे तरी ते नाव आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५६-५७ च्या त्याच हंगामात मुंबई राज्याच्या दक्षिण भागात बाजरीवर अरगटाची साथ पडली आणि ती बाजरी खाऊन माणसे आजारी झाली. १९५८ मध्ये शिंदे आणि भिडे यांनी ‘करंट सायन्स’मध्ये पिकाच्या रोगाची, आणि पटेल, बोमन व दलाल यांनी वैद्यकीय नियतकालिकात माणसांच्या विषबाधेची हकीकत प्रसिद्ध केली. या विषबाधेची लक्षणे मळमळ, उलटी, गरगरणे आणि गुंगी अशी आहेत. ती वाचताना माझ्यापुढे अड्ड्यावरची पेंगणारी बाई उभी राहिली. बोटे झडत नाहीत, कारण बाजरीच्या अरगटातले विष रायच्या अरगटाहून वेगळ्या जातीचे आहे. ज्वारीच्या चिकट्याचा उपद्रव मुख्यतः दाणा बुडण्याचा. बाजरीचा मात्र ताटापर्यंत येतो. १९७५ मध्ये राजस्थानातही अशीच बाधा झाली.

यानंतरचे प्रकरण संकरित बियाण्याचे. १९६४ मध्ये संकरित ज्वारी सीएसएच-१ आली, १९६५ मध्ये लुधियानाहून संकरित बाजरी एचबी-१ आली. त्यांनी पोटे भरली, हे मी कमी लेखणार नाही. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाल्लेल्यांच्या घरात मी वाढलो आहे. पण संकरित बी करावयाचे म्हणजे ज्यात पराग होत नाही अशा नरवंध्य ताटांच्या ओळी लावायच्या आणि शेजारच्या नर ओळींच्या परागावर भिस्त ठेवायची. दोन्ही ओळी एकाच वेळी फुलल्या तर ठीक. नर ओळ चार दिवस मागे-पुढे झाली, किंवा रात्री फार थंड पडून पराग मेला, तर हजारो फुले उघडी, वाट पाहत. बीजुकाला याहून चांगली मेजवानी कोणती? ज्याला आपण सीड प्लॉट म्हणतो त्यात चिकट्याने जे थैमान घातले त्याचे कारण हे आहे. बुरशी पूर्वीचीच होती. फुले उघडी राहण्याचे दिवस माणसाने वाढवले.

आता माझ्या आईची एक गोष्ट सांगतो. मी नऊ-दहा वर्षांचा असताना ती दुसऱ्याच्या रानात ज्वारी सोंगायला जाई. मी मागे मागे असे. खरिपाच्या संकरित ज्वारीवर चिकटा पडला होता. सोंगताना बायांचे हात, पदर, विळ्याच्या मुठी सारे चिकट होई, आणि मुंग्या अंगावर चढत. एका सकाळी दव फार पडले होते, आणि काल तांबूस चमकणारे थेंब चुन्याचा हात फिरवल्यासारखे पांढरे झाले होते. पानांवर, खाली ढेकळांवरही जेथे थेंब गळले होते तेथे तोच पांढरा रंग. आई म्हणाली, “पांढरं पडलं, आता हे उडतंय. शेजारच्याचं बी रान जाणार.” मालक बांधावर उभा होता. तो म्हणाला, ते वाळलेले आहे, काही उडत नाही.

पुष्कळ वर्षे पुस्तकेही मालकाच्याच बाजूची होती. चिकटा पावसाच्या शिंतोड्यांनी आणि किड्यांनी पसरतो असे त्यांत लिहिलेले असे. चिकट रस वाऱ्याने कसा उडणार? १९८९ मध्ये फ्रेडरिक्सन, मँटल आणि द मिलियानो यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मी तो इंग्रजीतून स्वतः वाचू शकलो नाही. प्राध्यापकांनी मला दोन संध्याकाळ बसून समजावला. त्यातला मुद्दा असा. हवा दमट झाली की थेंबाच्या अगदी वरच्या थरातली बीजुके थोडे पाणी मिळवतात आणि तेथेच रुजतात. पण त्यांची नळी फुलाच्या शोधात खाली जात नाही. ती थेंबातून वर, हवेत डोके काढते, आणि तिच्या टोकावर एक नवे, दुसऱ्या पिढीचे बीजुक धरते. पहिले आपले सगळे सत्त्व दुसऱ्याला देऊन रिकामे होते. हे दुसरे बीजुक मधात बुडालेले नसते, कोरडे असते, आणि वाऱ्याची झुळूक त्याला घेऊन जाते. अशी लाखो बीजुके एका दमट रात्रीत थेंबावर उभी राहिली की थेंब पांढरा दिसतो. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेतही पुढे या रोगाचा बारकाईने अभ्यास झाला.

या उडत्या बीजुकांची ताकद किती, ते जगाला लवकरच कळले. आफ्रिकेतल्या ज्वारीच्या अरगटाला १९९१ मध्ये ‘क्लॅव्हिसेप्स आफ्रिकाना’ असे स्वतंत्र नाव मिळाले. तोवर तो रोग आफ्रिका आणि आशिया सोडून गेला नव्हता. १९९५ मध्ये तो ब्राझीलमध्ये दिसला, १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात, १९९७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात. आपल्या देशातही ही आफ्रिकी जात असल्याचे नंतर आढळले. एवढी मोठी देशोदेशीची यात्रा, आणि तिच्यात बुरशीच्या लग्नाचा संबंध जवळजवळ कोठेच नाही. सारे काम त्या नकलांनी केले.

माझी आई तोवर हयात होती. मी तिला सांगितले, की तू म्हणत होतीस ते आता इंग्रजीत छापून आले आहे. तिने विचारले, “मग त्या टायमाला कुणी इचारलं का न्हाई?” याचे उत्तर मला तेव्हाही देता आले नाही. तिच्याबरोबरच्या दहा-बारा बाया हंगामच्या हंगाम ते पांढरे थेंब पाहत होत्या, हाताने पुसत होत्या. रोगाची पाहणी करावयास जे येत ते बांधावरून मालकाशी बोलून जात. आजरेकरांनी सूक्ष्मदर्शकातून जे पाहिले ते तिला दिसणे शक्य नव्हते, हे खरे. पण पहाटेच्या दवात उभे राहून जे दिसते ते प्रयोगशाळेलाही कोणी सांगितल्यावाचून दिसत नाही.

राहिली खळ्यावरची वाटणी. सुगीची मजुरी धान्यात देण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ वर्षे होती, आणि काही गावी अजून आहे. पायलीने मोजून द्यायचे, पण कोणत्या राशीतले, हे देणाऱ्याच्या हाती. उफणताना हलका माल वाऱ्याने रासेच्या कडेला पडतो. अरगटाचे कण दाण्याहून हलके असतात; म्हणजे तेही कडेलाच. मजुराला कडेचे माप मिळाले तर विषही मापाने मिळते, आणि यात कोणाचा दुष्टपणा असलाच पाहिजे असे नाही. मालकालाही ते कण काय आहेत हे ठाऊक नसते. आमच्या संघटनेने एक-दोन ठिकाणी मजुरी रोखीत मागितली ती या कारणासाठी नव्हे, दराच्या हिशेबासाठी. हे फळ त्यात आयते मिळाले.

हलकेपणाचाच उपयोग करून ते कण काढताही येतात. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवावयाचे, म्हणजे वीस टक्क्यांचे द्रावण होते. त्यात बाजरी ओतून ढवळली की अरगटाचे कण आणि पोचट दाणे वर तरंगतात, निरोगी दाणा तळाशी बसतो. तरंगलेले काढून खोल पुरावयाचे किंवा जाळावयाचे. कोंबड्यांपुढे किंवा उकिरड्यावर टाकावयाचे नाही, कारण शेतात गेलेला कण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा छत्र्या काढतो आणि पहिले बीजुक तेथून उठते. तळाची बाजरी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवली की झाले. पेरणीच्या बियाण्यालाही हाच उपाय आहे.

त्या अड्ड्यावर मी प्राध्यापकांकडून हे शिकून परत गेलो तेव्हा दुखणी थांबली होती, कारण म्हातारीने आपल्या अकलेने सर्वांना बाजरी निवडून दळायला लावले होते. तरीही आम्ही पिंपात मिठाचे पाणी केले आणि पाच कोप्यांची पोती त्यातून काढली. वर काळा थर आला तेव्हा पोरे टाळ्या पिटू लागली. मीठ बरेच लागले, ते कोपरावरच्या दुकानातून उधारीने आणले होते. हंगाम संपताना हिशेब झाला तेव्हा मुकादमाने त्या मिठाचे पैसे त्या पाच कोयत्यांच्या उचलीत धरले. ते सोडवून घेण्यासाठी मला आणखी दोन खेपा घालाव्या लागल्या.